गावचे कागद गावाला द्या, आणि थोडी जागा तुम्हीही द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

१७ सप्टेंबरची तुमची मुक्तीसंग्राम पुरवणी वाचली. दरवर्षी वाचतो, आणि खरं सांगू का, गेल्या साली वाचली तीच यंदा पुन्हा वाचली असं वाटलं. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ, बाबासाहेब परांजपे, उमरीची बँक, १३ तारखेला फौजा शिरल्या आणि १७ ला निजाम शरण आला, मग झेंडावंदनाचा फोटो आणि खाली पुढाऱ्यांच्या शुभेच्छा. ह्यातलं काही खोटं नाही आणि ही माणसं मोठीच होती, त्याबद्दल वाद नाही. पण मराठवाड्यात साडेआठ हजाराच्या आसपास गावं आहेत साहेब, देश स्वतंत्र झाल्यावरही आपण तेरा महिने निजामाखाली होतो, त्या तेरा महिन्यात ह्या गावांमधी काय झालं, कोण कुठं लपलं, कोण सरहद्दीवरच्या कॅम्पाला पळून गेलं, कुणाचं घर जळलं, ह्यातलं एक ओळ पण पुरवणीत येत नाही. कामून येत नाही हे मला कळतं, तुमच्याकडं कुणी पाठवतच नाही. म्हणून हे पत्र लिहायलोय. जरा लांबलंय, कापायचं तर कापा पण मधला भाग ठेवा.

मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही. आमचं गाव सेलू-जिंतूरकडचं, गावात माझं ऑनलाईन सेंटर आहे, म्हणजे सातबारा, पीक विमा, ई-केवायसी, झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो असली कामं. २०२३ ला मराठ्यांना कुणबी दाखले द्यायच्या कामासाठी शिंदे समिती बसली, कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली आणि आमच्या धंद्यात काय गर्दी उसळली ते तुम्हाला सांगायला नको. ज्याला आजोबाचं पूर्ण नाव विचारलं की डोकं खाजवायचा तो खापरपणज्याचे कागद घेऊन लाईनीत उभा. पत्र्याच्या पेट्या उघडल्या, देवळीत खुपसलेली भेंडोळी निघाली, माळवदाच्या खोलीत लाल फडक्यात बांधून ठेवलेले रुमाल निघाले जे दोन पिढ्यात कुणी सोडले नव्हते. आरक्षणावर माझं काय मत आहे तो ह्या पत्राचा विषय नाही, पण एवढं म्हणतो की गेल्या पन्नास वर्षात कुठल्या इतिहासवाल्याला जमलं नाही ते एका सर्टिफिकेटनं करून दाखवलं, अख्ख्या मराठवाड्याला जुना कागद हुडकायला लावला.

आणि ते कागद काय होते म्हणता! खासरा पत्रक, पाहणी पत्रक हे तर होतंच. पण त्यासोबत उर्दूतल्या पावत्या, मोडीतली गहाणखतं, लग्नातल्या आहेराच्या याद्या, सावकाराच्या वहीची सुटी पानं. एकाकडं बैलजोडी गहाण ठेवल्याचा कागद होता, रक्कम हाली रुपयात, आणि खाली कंसात नाही पण वेगळ्या शाईत कलदारात किती होतात तेही मांडलेलं, कारण निजामाचा हाली वेगळा आणि इंग्रजाचा कलदार वेगळा, हद्दीपलीकडच्या बाजारात जायचं तर हिशोब करावाच लागायचा. साक्षीदारांच्या सह्या नव्हत्या, नावापुढं नांगराचं चित्र काढलेलं, म्हणजे निशाणी नांगराची. ज्याच्या पणज्याची ती निशाणी होती तो पोरगा माझ्या काउंटरपुढं उभा राहून म्हणतो, दादा ह्यात कुणबी लिहिलंय का तेवढं बगा. नव्हतं. त्यानं कागद घडी घालून पॅन्टच्या खिशात कोंबला. मी म्हणलं बाबा थांब, स्कॅन तर करू दे. तिथून हे सगळं सुरू झालं.

आता आम्ही पाच-सहा जण आहोत. एक रिटायर गुरुजी, एक जुने पोस्टमन, एक पोरगी जिनं मोडीचा कोर्स केलाय आणि जी आमच्यात सगळ्यात हुशार आहे, आमच्या मशिदीतले मौलाना जे उर्दू वाचून देतात, आणि मी स्कॅनरवाला. मंडळ म्हणा, काही म्हणा, रजिस्टर केलेलं नाही, पावतीपुस्तक नाही, अध्यक्ष नाही म्हणून भांडणं पण नाहीत. गावात आम्हाला जुनंपुराणंवाले म्हणतात. सुरुवातीला टिंगल करायचे, आता जुनी पेटी उघडायची असली की फोन येतो.

मौलानांना पण लई सोपं जात नाही बरं का. जुन्या कचेरीतले कारकून जी घाईची उर्दू लिहायचे, शिकस्ता म्हणतात तिला, त्यात नुक्ते म्हणजे अक्षरांवरची टिंबं गायब, अक्षरं एकात एक गुंतलेली, कधी कधी एका ओळीवर मौलाना आणि गुरुजी संध्याकाळ घालवतात, कारण गावातली जुनी शिवारांची नावं गुरुजींना माहीत आणि अक्षर मौलानांना माहीत. दोघं मिळून वाचतात तेव्हा कुठं कळतं की हा "आंबराई" आहे आणि हा "चिंचेचा मळा".

आणखी एक गोष्ट वाचकांना कामाला येईल म्हणून लिहितो. निजामाच्या काळातल्या कागदावर साल असतं ते फसली. त्यात ५९० मिळवायचे म्हणजे इसवी सन येतो, थोडं मागं-पुढं. १३४७ फसली म्हणजे १९३७-३८. महिन्यांची नावं पण वेगळी, आजूर, दै, बहमन, अशी. हे माहीत नसलं की काय होतं बगा, आमच्या तालुक्यात एकानं व्हॉट्सअ‍ॅपवर १३४० सालचा कागद टाकला आणि खाली लिहिलं की आमचं घराणं देवगिरीच्या यादवांच्या वेळचं. शेकड्यानं अंगठे आले, अभिमान वाटतो म्हणून. १३४० अधिक ५९० म्हणजे १९३०, त्यावेळी कापसाच्या जिनिंग होत्या आणि रेल्वे धावत होती. सांगायला गेलो तर ग्रुपमधून काढलं. आजकाल प्रत्येकाचा पणजा सरदारच असतो, नांगर हाणणारा कुणाचाच नव्हता, मग शेती करत कोण होतं हे एक कोडंच आहे.

लॅमिनेशनचं पण सांगतो, ते तर माझ्याच धंद्याच्या विरोधात जातं. लोकं जुना कागद आणतात आणि म्हणतात पक्का करून द्या. मी देत नाही. गरम प्लास्टिक कागदाला एकदा चिकटलं की परत निघत नाही, आत ओल राहिली तर कागद आतल्या आत काळा पडतो, शाई उडायला लागली तर मग काहीच करता येत नाही. सेलोटेप तर त्याहून वाईट, पाच-दहा वर्षात पिवळी होऊन अक्षरासकट निघते. साध्या कोऱ्या कागदात गुंडाळा, वर सुती फडकं बांधा, आपल्या आज्या पोथीत वेखंड ठेवायच्या ते उगाच नव्हतं, पेटी भिंतीला आणि जमिनीला चिकटून ठेवू नका, झालं. फोटो असेल तर मागं पेनानं लिहू नका, मऊ पेन्सिलीनं हळूच लिहा की कोण आहे, कुठल्या लग्नातला आहे. नावं नसलेल्या फोटोचा ढीग पडलाय आमच्याकडं, फेटेवाले बाबा आणि नऊवारीतल्या बाया, कुणाच्या कोण काहीच कळत नाही, ओळखणारं माणूस गेलं की तो फोटो म्हणजे नुसतं पुठ्ठ्याचं तुकडं.

आता मुद्द्यावर येतो, जो कापू नका म्हणलं तो.

ह्या नोंदी शोधायच्या निमित्तानं सरकारनं मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यात जुन्या अभिलेखाची लाखो पानं चाळली, लई पानं स्कॅन केली, मोडी आणि उर्दू वाचणारे बसवले, कुणबी नोंद सापडली ते पान जिल्ह्याच्या वेबसाईटवर टाकलं. चांगलं काम झालं. पण साहेब, ज्या पानावर ती नोंद आहे त्याच पानावर बाकी काय काय आहे ते कुणी पाहिलं का? खासरा पत्रकात कोणत्या शेतात काय पीक होतं ते आहे, विहीर होती का ते आहे, झाडं होती का ते आहे. खातेदार कोण, कसणारा कोण, म्हणजे १९५० च्या हैद्राबाद कूळ कायद्यानंतर कुणाच्या नावावर जमीन चढली आणि कुणाच्या नावावर चढायची राहिली हे त्यात दिसतं. १९५१ चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर आहे, त्यात घरातली माणसं आहेत. ह्या एका ढिगात मराठवाड्यातल्या प्रत्येक गावाचा सातबारापेक्षा मोठा इतिहास पडलेला आहे आणि त्यातून एकच शब्द वेचून घेतला, बाकी पान मिटलं. ज्या पानावर तो शब्द नव्हता ते तर बांधून परत गठ्ठ्यात.

आमच्याच शिवारातलं सांगतो. आज आमच्याकडं चारशे-पाचशे फूट बोअर मारतात आणि उन्हाळ्यात टँकर. जुन्या पत्रकात ज्या शेताला ज्वारीच्या शेजारी बागायत दाखवलीय, विहीर दाखवलीय, ती विहीर कुठं होती हे शोधायला आम्ही त्या शेतकऱ्याला घेऊन गेलो, तर बांधाच्या कडंला बाभळी माजलेल्या, खाली दगडी बांधकामाचा गोल निघाला. त्याला माहीतच नव्हतं. त्याचा बाप म्हणायचा तिकडं जाऊ नको, साप आहेत. आता गाळ काढायचं चाललंय. पाणी लागंल न लागंल, पण कागद नसता तर कुणी तिकडं गेलंच नसतं.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे की जे स्कॅन झालंय त्याची आमच्या गावापुरती अख्खी प्रत, निवडलेली पानं नाही, अख्खी, आमच्या ग्रामपंचायतीला द्या. खर्च काय, एक पेनड्राईव्ह. ज्यात कुणाच्या खाजगी बाबी असतील त्या झाका, आम्ही समजू शकतो. मी हे एका कचेरीत जाऊन विचारलं, कोणत्या ते लिहीत नाही, साहेब म्हणाले तुम्हाला कुठली नोंद पाहिजे, जात सांगा. मी म्हणलं नोंद नको, गाव पाहिजे. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की ह्याला घरी पाठवा. त्याच कचेरीत जिन्याखाली गठ्ठे होते, वरून पावसाचं पाणी गळायलं होतं आणि एका गठ्ठ्याला वाळवीची माती चढली होती. शिपाई म्हणाला ते जुनं आहे, त्याचं काम झालंय.

मूळ कागद गावात आणून ठेवा असं मी म्हणत नाही हां. ग्रामपंचायतीचं कपाट मी पाहिलंय. मूळ कागद पुराभिलेख खात्याकडंच नीट राहतील, आणि निजामाच्या राजधानीतला मोठा साठा तर आजही हैद्राबादला तारनाक्याच्या अर्काइव्हमधी आहे, तिथं जायला आपल्याला परवडत नाही. आम्हाला प्रत पाहिजे. वाचायचं काम आम्ही फुकट करतो.

वाचून आम्ही काय करतो तेही सांगतो, कारण नुसतं गोळा करून हार्डडिस्क भरायची ह्याला काही अर्थ नाही. आमच्याकडं बाजाराच्या दिवशी चावडीपुढं आम्ही सुतळी बांधतो आणि त्याला चिमट्यानं झेरॉक्सा लटकवतो. मोठ्या अक्षरात खाली मराठी. जुने फोटो, शाळेच्या जुन्या हजेरीतली नावं, ७२ च्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर कोण कोण होतं त्याची आम्ही विचारून केलेली यादी. बाजाराला आलेली म्हातारी माणसं पिशवी खाली ठेवून वाचतात, ज्यांना वाचता येत नाही ती नातवाला वाचायला लावतात, आणि मग बोलायला लागतात. खडी फोडायला गेलेल्या बायांनी सुकडी कशी असायची, मिलोची, म्हणजे त्या परदेशी लाल ज्वारीची, भाकरी कशी तुटायची हे असं काही सांगितलं की पोरं मोबाईल खाली ठेवून ऐकायलेत. एका बाईनं यादीत स्वतःचं नाव नाही म्हणून मला सगळ्यांपुढं झापलं. पुढच्या बाजारी नाव टाकलं तर येऊन बघून गेली.

पण सगळंच असं गोड नसतं. नव्वदी ओलांडलेल्या एक आजी आहेत गावात, पोलीस अ‍ॅक्शनच्या वेळी त्यांना चांगलं कळत होतं. निजामाच्या बाजूचे रझाकार येणार अशी बातमी आली की बायापोरांना जमिनीखालच्या धान्याच्या पेवात उतरवायचे, रिकामं पेव, वर फळी आणि कडबा, आत ज्वारीचा कोंडट वास, लेकरू रडू नये म्हणून तोंडात फडकं. हे त्यांनी सांगितलं, आम्ही रेकॉर्ड केलं. आणि मग त्या थांबल्या नाहीत, पुढचं पण सांगितलं. की फौजा आल्या, निजाम पडला, आणि त्यानंतर आठवड्यात आमच्याच गावच्या दोन मुसलमान घरांवर बाहेरची आणि गावातली मिळून माणसं गेली, त्यातले कर्ते पुरुष परत दिसले नाहीत. त्या घरांचा रझाकारीशी काही संबंध नव्हता. आजीच्या आईनं त्यातल्या एका बाईला आणि तिच्या लेकरांना चुलीमागच्या खोलीत ठेवून घेतलं होतं, आणि त्यावरून त्यांच्या घरात भांडण झालं होतं.

हे सुतळीवर लावायचं का, ह्यावरून आमच्यात फार वाद झाला. एक जण म्हणाला पेवाचं लावा, पुढचं राहू द्या, कशाला जुनं उकरायचं. एक म्हणाला मौलाना आपल्यात बसतात, त्यांना काय वाटंल. मौलाना गप्प होते, मग म्हणाले माझ्या घरात हे सगळ्यांना पाठ आहे, फक्त कुणी विचारत नाही. केंद्र सरकारनं त्याच वेळी पंडित सुंदरलालांची समिती पाठवली होती आणि तिचा अहवाल कितीतरी वर्षं लोकांपुढं आला नव्हता, म्हणजे हे काही एका आजीचं बोलणं नाही, गुरुजींनी हे सांगितल्यावर वाद थोडा निवला. शेवटी आम्ही दोन्ही लिहिलं. कुणी सांगितलं, किती वर्षाच्या वयात पाहिलेलं, कधी सांगितलं हे वर टाकलं, जिवंत माणसांच्या घरांची नावं टाकली नाहीत, कुणाला दोष दिला नाही. दोन लोकांनी नंतर आमच्याशी बोलणं सोडलं. माझं म्हणणं असं की पेवातली लेकरं पण आमच्या गावची आणि चुलीमागची पण, एकाला ठेवायचं आणि एकाला गाळायचं तर मग मंडळ कशाला पाहिजे, पुरवणी आहेच की. (रागावू नका.)

असंच विद्यापीठाच्या नामांतराच्या दिवसांचं आहे. १९७८ चं लिहायला अजून कुणी तयार होत नाही, आणि ज्यांनी सोसलं ते पण म्हणतात नको. ते होईल तेव्हा होईल, पण सांगणारी माणसं थांबायली नाहीत ना.

गावातला माणूस काय करू शकतो ह्याची उदाहरणं आपल्याच मराठवाड्यात आहेत. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे हे काही पुरातत्व खात्याचे अधिकारी नव्हते, गावचे व्यापारी माणूस. शेतात, नदीकाठी, जुन्या वस्तीच्या पांढरीत जे सापडंल ते जमवत गेले, मणी, नाणी, मातीच्या मूर्ती. रोमशी व्यापार करणारं तगर म्हणून ज्याचं नाव ग्रीक प्रवासवर्णनात येतं ते हेच तेर, हे आज दाखवता येतं त्यात त्या संग्रहाचा मोठा वाटा आहे, आणि तिथं आज त्यांच्या नावानं शासकीय संग्रहालय आहे. पैठणला बाळासाहेब पाटलांनी तसंच आयुष्यभर जमवलं, त्याचंही संग्रहालय झालं. आमच्या जवळच वालूरची चक्राकार बारव गावकऱ्यांनी हाताला हात लावून मोकळी केली. आणि दुसरीकडं काय, तर गुप्तधनाच्या नादात रात्री येऊन वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचे दगड, उपटणारे, देवळाच्या पायऱ्या उकरणारे. आमच्या वेशीवर एक वीरगळ आहे, खाली लढाई, मधी वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वर पिंडीची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य, त्याला शेंदूर लावून लोकं मारुती म्हणून नारळ फोडतात. फोडू द्या म्हणतो मी, शेंदूर आहे तोवर तरी कुणी उपटणार नाही.

आता तुमच्याकडं मागणी. वर्षातून एकदा पुरवणी काढण्यापेक्षा आठवड्यातून एकदा अर्धं पान, नाहीतर पाव पान द्या, एका आठवड्याला एक गाव. लिहिणारे लेखक लागत नाहीत, गावातली माणसं बोलतील तसं लिहितील, तुम्ही शुद्धलेखन बघा. एक अट घाला की जे लिहिलंय ते कोणत्या कागदावरून किंवा कुणाच्या तोंडून हे सांगितलंच पाहिजे, म्हणजे यादवांच्या काळातली घराणी आपोआप गळतील. आणि पुढच्या आठवड्यात त्याच गावच्या दुसऱ्या कुणी वेगळं सांगितलं तर तेही छापा. किल्लारीकडच्या भूकंपात पडलेल्या आणि जायकवाडी धरणात बुडालेल्या गावांपासून सुरुवात करता आली तर बरं, कारण त्यांचं गावठाण पण राहिलं नाही, किल्लारीकडं ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे नुसती घरं पडली नाहीत, माळवदाखालच्या पेट्या पण गेल्या, आणि जुन्या गावातली तेव्हाची कर्ती माणसं आता साठी-सत्तरीच्या पुढं आहेत.

आणि अभिलेखाच्या प्रतीची मागणी तुमच्या बातमीदारानं एकदा वरिष्ठांना विचारली तर आमच्यापेक्षा लवकर उत्तर मिळंल असं वाटतं.

कळावे, लोभ असावा.

आपला एक वाचक, ऑनलाईन सेंटरवाला
ता. सेलू, जि. परभणी
(नाव छापू नये, गावात अजून राहायचंय.)

ता. क. : फोटो छापणार असाल तर मूळ फोटो मागू नका, लोकं देत नाहीत आणि आम्ही पण द्यायला लावणार नाही. मी ६०० डीपीआयवर स्कॅन करून ईमेल करतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तर छपाईत फुटतो, हे तुमच्याच जिल्हा पानावर लई वेळा दिसतं.